अंतर्भागाची साक्ष

इ. स. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरच्या छावणीतून कूच केलेली कंपनी सरकारची पलटण दुसऱ्या दिवशी भीमाकाठच्या कोरेगावी दिवसभर लढली, आणि त्या लढाईतून वाचलेल्या जखमींना पुढे शिरूरलाच परत आणण्यात आले, ही हकीकत इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. त्या पलटणीसोबत विंगेट आणि वायली असे दोन साहाय्यक शल्यवैद्य होते. त्यांपैकी विंगेट त्या लढाईतच मारले गेले. जखमी शिपायाच्या मांडीत वा खांद्यात रुतलेली गोळी नेमकी कोठे आहे, हाड मोडले आहे की केवळ मांस फाटले आहे, हे जाणून घेण्यास त्या काळच्या शल्यवैद्यापाशी स्वतःचे बोट आणि एक धातूची सळई यांवाचून अन्य साधन नव्हते. आणि त्या शोधाच्या वेदना मूळ जखमेपेक्षा कमी नसत. जिवंत मनुष्यदेह न उघडता त्याच्या अंतर्भागाची खातरजमा करता येईल, ही गोष्ट त्या शल्यवैद्यांच्या आवाक्याबाहेरची होती.

ती साध्य झाली ती त्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी. जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी एका निर्वात नळीतून निघणारे अज्ञात किरण पाहिले, आणि डिसेंबर संपण्यापूर्वी आपल्या पत्नीच्या हाताचे, बोटातील अंगठीसह हाडे दाखविणारे चित्र घेतले. १९०१ मध्ये पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक याच शोधास मिळाले. या शोधाचे एकस्व घेण्याचे राँटगेनने नाकारले, ही गोष्ट मला त्या शोधाइतकीच थोर वाटते. कारण त्यामुळेच हे साधन अल्पावधीत जगभर पसरले, आणि १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर सर्जन-मेजर बीव्हर यांनी जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधल्या.

आज शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांच्या गावी क्ष-किरण आणि सोनोग्राफी यांची सोय सहज उपलब्ध आहे. त्याहून मोठ्या यंत्रांसाठी मात्र पुष्कळ रुग्ण एकीकडे नगर रस्त्याने आणि दुसरीकडे सोलापूर रस्त्याने वा रेल्वेने पुण्याची वाट धरतात. या सोयींबरोबर एक समजूतही रूढ झाली आहे, आणि तिचा परामर्श घेण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे. जे यंत्र मोठे व ज्याची फी अधिक, ती तपासणी श्रेष्ठ, असे आपल्याकडे अनेकांस मनापासून वाटते. ‘डॉक्टर, नुसता फोटो नको, एकदाचा एमआरआयच लिहून द्या,’ असा आग्रह दवाखान्यांतून नित्य ऐकू येतो. वस्तुतः या यंत्रांमध्ये थोरले-धाकटे असा क्रम नाही. प्रत्येक यंत्र शरीराला एक विशिष्ट प्रश्न विचारते आणि त्याच प्रश्नाचे उत्तर आणते. प्रश्न चुकीचा असेल, तर सर्वांत महागडे यंत्रही निरुपयोगी ठरते.

क्ष-किरणांचा प्रश्न घनतेविषयीचा आहे. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टांच्या दाबाने टंगस्टनच्या लक्ष्यावर आदळले, की त्यांच्या शक्तीचा बहुतेक भाग उष्णतेत जातो आणि सुमारे शंभरावा हिस्सा क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. हे किरण फुप्फुसातील हवेतून जवळजवळ बिनअडथळा पार होतात, मांस व रक्त यांतून काही अंशी जातात, आणि कॅल्शियमने भरलेल्या हाडात मोठ्या प्रमाणावर अडतात. म्हणून फिल्मवर हवा काळी, मांस करडे आणि हाड पांढरे उमटते. आतडे किंवा रक्तवाहिनी यांना स्वतःची अशी ठळक घनता नसते, म्हणून तेथे बेरियम किंवा आयोडीन यांसारखी जड मूलद्रव्ये असलेले औषध पाजून वा टोचून तो मार्ग दृश्य करावा लागतो.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेल्या मुलाच्या मनगटाचा फोटो कसा काढतात, हे ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. तंत्रज्ञ प्रथम मुलाचा तळवा पालथा ठेवून एक चित्र घेतो. मग तोच हात हलकेच कुशीवर वळवून, अंगठा वर करून दुसरे घेतो. आणि दोन्ही वेळा कडेला शिशाचे एक लहानसे अक्षर ठेवतो, जेणेकरून हात उजवा की डावा याविषयी पुढे कधीही घोटाळा होऊ नये. दुसरा फोटो हा पैसे वाढविण्याचा प्रकार नव्हे. क्ष-किरणांचे चित्र म्हणजे अखेर एक छाया, आणि छायेत पुढचे व मागचे एकमेकांवर पडते. समोरून सरळ दिसणारे हाड बाजूने पाहता अर्धा इंच मागे सरकलेले असू शकते. काही मोड तर पहिल्या दिवशी कोणत्याच बाजूने दिसत नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या होडीसारख्या लहान हाडाची चीर पुष्कळदा दहा-बारा दिवसांनी घेतलेल्या दुसऱ्या फोटोत प्रगट होते. म्हणून ‘फोटो नॉर्मल आहे, पण प्लॅस्टर ठेवा आणि पुन्हा दाखवा’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा त्यात अज्ञान नसून अनुभव असतो.

छातीच्या फोटोचे महत्त्व आपल्या भागात वेगळे सांगावयास नको. क्षयरोगाचा संशय घेण्यास आजही याहून स्वस्त व त्वरित साधन नाही. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशात सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरून नेता येतील अशी क्ष-किरण यंत्रे वापरण्यात आली. यंत्रच रुग्णाच्या दारी नेण्याची ही रीत गळीत हंगामात उसाच्या फडावर राहणाऱ्या तोडणी कामगारांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. कारण एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला येणे त्यांस परवडत नाही. मात्र फोटो हा संशय उपस्थित करतो. रोगाची निश्चिती थुंकीच्या तपासणीनेच व्हावी लागते.

छायेचा जो दोष वर सांगितला, त्याचे निवारण सिटी स्कॅनने केले. वाढलेल्या उसाच्या फडाकडे एकाच बांधावरून पाहिले तर पुढच्या दोन-चार सऱ्या तेवढ्या दिसतात आणि मध्यभागी काय आहे याचा थांग लागत नाही. पण चारही बांधांवरून फिरून, प्रत्येक सरीच्या तोंडाशी उभे राहून आरपार पाहत गेले आणि प्रत्येक ठिकाणची नोंद ठेवली, तर आत कोठे पोकळी आहे याचा नकाशा घरी बसून मांडता येतो. सिटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती वर्तुळाकार फिरते, समोरील ग्राहक प्रत्येक दिशेने पार आलेल्या किरणांचे मोजमाप करतात, आणि त्या लक्षावधी मोजमापांवरून संगणक शरीराच्या एकेका पातळ चकतीचे चित्र तयार करतो. असे करता येते याची गणिती उपपत्ती योहान राडोन याने १९१७ मध्येच मांडून ठेवली होती. परंतु इंग्लंडमधील ई.एम.आय. कंपनीचे अभियंते गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघेपर्यंत मध्ये अर्धे शतक लोटले. हाउन्सफील्ड आणि या गणिताचा स्वतंत्रपणे विचार करणारे ॲलन कॉर्मॅक यांस १९७९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या गणिताचा एक धागा आपल्या पुणे जिल्ह्याशी जोडलेला आहे, हे फार थोड्यांस माहीत असते. अनेक दिशांनी घेतलेल्या पट्ट्यांवरून मूळ चित्र उभे करण्याचा प्रश्न रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांपुढेही होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील रोनाल्ड ब्रेसवेल यांनी आकाशातील रेडिओ-स्रोतांची चित्रे मिळविण्यासाठी त्याची पद्धत बसविली, आणि तीच पद्धत पुढे सिटी स्कॅनच्या संगणकांतही उपयोगी पडली. ब्रेसवेल यांच्या हाताखाली १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळविणारे भारतीय विद्यार्थी म्हणजे गोविंद स्वरूप. शिरूरच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे, ती त्यांच्याच पुढाकाराने झाली. आकाशगंगेचा नकाशा आणि मेंदूतील रक्तस्रावाचा नकाशा एकाच कुळातील गणिताने मांडले जातात, ही वस्तुस्थिती नारायणगावाच्या परिसरातील प्रत्येक शाळेत मुलांना सांगितली जावी असे मला वाटते.

हाउन्सफील्ड यांच्या नावाने घनतेची जी मोजपट्टी रूढ आहे, तीत पाणी शून्य, हवा उणे एक हजार आणि टणक हाड अधिक एक हजारांच्या आसपास धरतात. मेंदूचा अंक साधारणतः २० ते ४० भरतो आणि ताज्या गोठलेल्या रक्ताचा ५० ते ८०. अंतर दिसण्यास थोडे, पण तेवढ्यावरच एखाद्याचे प्राण अवलंबून असतात. कारण साध्या फोटोत अशक्य असलेला हा भेद सिटी स्कॅनमध्ये पांढऱ्या डागाच्या रूपाने तत्काळ दिसतो. शिक्रापूर, रांजणगाव, यवत, पाटस, कुरकुंभ या गावांवरून जाणाऱ्या महामार्गांवर दुचाकीचे जे अपघात होतात, त्यांत डोक्यास मार लागून बेशुद्ध झालेल्या, वारंवार उलट्या करणाऱ्या किंवा बरळू लागलेल्या रुग्णाची पहिली तपासणी सिटी स्कॅन हीच होय. अशा वेळी एमआरआयचा आग्रह धरणे घातक आहे. सिटी काही सेकंदांत आटोपतो, एमआरआयला अर्धा तास निश्चल पडून राहावे लागते, आणि कवटीत रक्त साचत असता अर्धा तास हा फार मोठा अवधी असतो.

अर्धांगाच्या झटक्याची गोष्ट अधिक बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, तर त्याचे कारण मेंदूतील रक्तवाहिनी फुटणे हे असू शकते किंवा तीत गुठळी अडकणे हेही असू शकते; बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि एकाचे औषध दुसऱ्यास मारक आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या मुदतीतच द्यावयाचे असते, आणि रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावाचून ते देता येत नाही. ही खात्री सिटी स्कॅन करून देतो. येथे घरच्या मंडळींचा नेहमी एक गैरसमज होतो. पहिल्या काही तासांत गुठळीचा परिणाम सिटीत पुष्कळदा दिसतच नाही. ‘स्कॅन नॉर्मल आला’ असे ऐकून नातेवाईक निःश्वास टाकतात आणि रुग्णास घरी नेऊ पाहतात, वस्तुतः त्या क्षणी ‘नॉर्मल’ याचा अर्थ रक्तस्राव नाही, उपचारास मुभा आहे, एवढाच असतो. दौंडपासून पुणे सुमारे पाऊणशे किलोमीटर, शिरूरपासून त्याहून थोडे कमी. हडपसरच्या किंवा वाघोलीच्या गर्दीत जाणारा वेळही याच साडेचार तासांतून वजा होतो. म्हणून सकाळी झटका आला असता दुपारपर्यंत वाट पाहणे, आधी तेलाने मालिश करणे, या गोष्टी पूर्णपणे टाकल्या पाहिजेत. १०८ क्रमांकास फोन करावा, आणि सिटी स्कॅनची व या इंजेक्शनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयाचीच चौकशी करावी.

सोनोग्राफीचा जन्म निराळ्याच घराण्यात झाला. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये बॉयलर बनविणाऱ्या एका कारखान्यात जाऊन, धातूतील चिरा शोधणाऱ्या ध्वनियंत्राखाली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी ठेवून पाहिल्या, आणि १९५८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्या कानास ऐकू न येणाऱ्या, सेकंदास वीस लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनांच्या लहरी त्वचेवरील यंत्रातून आत जातात, ताशी साडेपाच हजार किलोमीटरांच्या वेगाने मांसातून प्रवास करतात, आणि जेथे दोन भिन्न द्रव्यांची सीमा येते तेथून अंशतः परततात. परतण्यास लागलेल्या काळावरून खोली कळते. हवेच्या सीमेवर लहर जवळजवळ पूर्णच माघारी फिरते, म्हणून त्वचा आणि यंत्र यांमध्ये हवा राहू नये यासाठी ती थंड जेली लावतात, आणि आतड्यातील वायू बाजूस सारून मागचा भाग दिसावा म्हणून मूत्राशय भरून येण्यास सांगतात. जेथे द्रव आहे तेथे हे यंत्र अत्यंत कुशल: पित्ताशय, मूत्रपिंड, गर्भाशय, यकृत, हृदयाच्या झडपा. पित्ताशयातील कित्येक खडे सिटी स्कॅनमध्ये मुळीच दिसत नाहीत आणि सोनोग्राफीत लख्ख दिसतात. उलट मूत्रवाहिनीच्या मध्यभागी अडकलेला खडा सोनोग्राफीच्या नजरेतून सुटतो आणि साध्या सिटीत हटकून सापडतो. यंत्राची किंमत आणि त्याची योग्यता यांचा संबंध किती अल्प आहे, हे यावरून दिसून येईल.

या यंत्रात शरीरास अपायकारक असे किरण नाहीत, तरीही सर्व तपासण्यांत कायद्याचा सर्वांत कडक पहारा त्यावरच आहे, आणि तो योग्यच आहे. तालुक्याच्या गावातील सोनोग्राफी केंद्रात गर्भवती स्त्री आली, की तिची सही वा अंगठा असलेला ‘एफ’ नमुन्याचा अर्ज भरावा लागतो. त्यात तिचा पत्ता, आधीची मुले-मुली, तपासणीचे कारण, पाठविणाऱ्या डॉक्टरांचे नाव असा सर्व तपशील येतो, आणि भिंतीवर येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही असा ठळक फलक असतो. केंद्राची व यंत्राची नोंदणी नसेल तर ते वापरणे हाच गुन्हा ठरतो. असा कायदा देशात प्रथम केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. त्यामागोमाग १९९४ चा केंद्र सरकारचा कायदा आला. तरीही २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ असलेली महाराष्ट्रातील मुलींची संख्या २०११ मध्ये ८९४ पर्यंत खाली आली. आईच्या व बाळाच्या रक्षणासाठी निर्माण झालेले साधन आपण तिच्याच लेकीविरुद्ध वापरले, याची लाज आपणा सर्वांस वाटली पाहिजे. त्या अर्जाची कटकट वाटणाऱ्या नातेवाइकांनी हे दोन आकडे आठवावेत.

एमआरआयचा प्रश्न घनतेचा नाही आणि प्रतिध्वनीचाही नाही. तो पाण्याचा आहे. आपल्या शरीरातील पाण्यात व चरबीत असलेल्या हायड्रोजनच्या अणुगर्भांना चुंबकत्व असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट प्रबळ अशा दीड टेस्लाच्या क्षेत्रात मनुष्यास ठेवले, की हे अणुगर्भ सेकंदास सुमारे ६ कोटी ४० लाख फेऱ्या या ठरीव गतीने घुमू लागतात, एफ.एम. आकाशवाणीच्या पट्ट्याच्या किंचित खालची ही कंपनसंख्या आहे. तेवढ्याच कंपनसंख्येची रेडिओलहर आत सोडून बंद केली, की अणुगर्भ घेतलेली शक्ती परत देतात, आणि ती परत देण्याची त्यांची चाल निरोगी ऊतीत एक व सुजलेल्या, कुजलेल्या वा गाठ झालेल्या ऊतीत निराळी असते. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांस यावरील कार्यासाठी २००३ चे नोबेल मिळाले. मेंदू, मज्जारज्जू, सांध्यातील अस्थिबंध, मणक्यांचा क्षय यांबाबतीत या यंत्रास तोड नाही.

चुंबक सांभाळण्यासाठी द्रवरूप हेलियम उणे २६९ अंशांवर ठेवावा लागतो, आणि तो चुंबक रात्रंदिवस चालूच असतो. यंत्र शांत आहे म्हणजे ते बंद आहे, असे समजणाऱ्यांवर भयंकर प्रसंग ओढवले आहेत. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णाचा एक नातेवाईक प्राणवायूचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि सिलिंडरसह यंत्राकडे खेचला जाऊन प्राणास मुकला. म्हणून तपासणीपूर्वी विचारण्यात येणारे प्रश्न कंटाळून उडवून लावू नयेत. हृदयात पेसमेकर आहे काय, मेंदूत क्लिप बसविली आहे काय, हे तर सांगावेच. परंतु रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत लेथवर किंवा ग्राइंडरवर काम केलेल्या प्रत्येकाने, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असल्यास, तो दहा वर्षांपूर्वीचा असला तरी, आवर्जून सांगावे. तसा कण चुंबकात हलला तर दृष्टी जाऊ शकते. आधी डोळ्याचा साधा फोटो काढून त्याची शहानिशा करता येते.

आता पाठदुखीविषयी. ‘मणक्यात गॅप आली’, ‘नस दबली’ अशी तक्रार घेऊन एमआरआयसाठी येणाऱ्यांत शेतात राबणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या लोकांच्या एमआरआय चित्रांचे जे अध्ययन झाले आहे, त्यात वयाच्या विशीत शेकडा ३७ जणांच्या आणि ऐंशीत शेकडा ९६ जणांच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे रिपोर्टात लिहिलेली झीज हेच दुखण्याचे कारण, असे मानण्यास मुळीच आधार नाही. केसांतील पांढरेपणाइतकीच ती पुष्कळदा वयाची खूण असते. पायातील शक्ती कमी झाली, लघवी वा शौचावरील ताबा सुटला, ताप येतो, वजन उतरते, पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे, यांपैकी काही असेल तर एक दिवसही न दवडता एमआरआय करावा. एरवी सहा आठवडे औषध, व्यायाम आणि धीर यांवर ठेवणारा डॉक्टर रुग्णाची हेळसांड करीत नसून त्याचे पैसे आणि अकारण शस्त्रक्रिया वाचवीत असतो.

पेट स्कॅन ही मुख्यत्वे कर्करोगाची तपासणी असून तीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. अधाशी पेशी ती अधिक खातात व चित्रात चमकतात. या फ्लोरिनचे अर्धे आयुष्य अवघे ११० मिनिटे असल्याने तो जेथे तयार होतो त्या सायक्लोट्रॉन यंत्रापासून फार दूर नेता येत नाही. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईस परळच्या विकिरण औषधी केंद्रात आले.

क्ष-किरणांच्या अपायाविषयी भीतीही नको आणि बेफिकिरीही नको. भूमीतून व आकाशातून प्रत्येकास वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतच असतो. छातीचा एक फोटो ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी देतो. पोटाचा सिटी स्कॅन मात्र आठ ते दहा, म्हणजे तीन-चार वर्षांचा नैसर्गिक हिस्सा एका बैठकीत. जेथे प्राणांचा प्रश्न आहे तेथे हा हिशेब गौण होय. पण लहान मुलाचे पोट दुखते म्हणून सोनोग्राफी टाकून थेट सिटी करविणे, किंवा डॉक्टर बदलला म्हणून महिन्याभरात तीच तपासणी पुन्हा करविणे, यास काहीही समर्थन नाही. अशा यंत्रांवर देशात अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

म्हणून वाचकांस काही गोष्टींची विनंती आहे. तपासणी लिहून दिली की ‘यातून काय शोधावयाचे आहे, आणि ते सापडले तर उपचार बदलणार आहे काय,’ असे डॉक्टरांना अदबीने पण निःसंकोच विचारावे. गर्भ असण्याची शक्यता असल्यास स्त्रीने फोटोपूर्वीच सांगावे. आयोडीनचे इंजेक्शन देऊन सिटी करावयाचा असल्यास मूत्रपिंडाचा विकार आणि मधुमेहाच्या गोळ्या यांचा उल्लेख करावा. आणि घरातील प्रत्येकाच्या जुन्या फिल्म, रिपोर्ट व केसपेपर तारखेनुसार एका पिशवीत, घडी न घालता, दमट भिंतीपासून दूर ठेवून ती पिशवी प्रत्येक वेळी दवाखान्यात सोबत न्यावी. छातीत आज दिसणारा डाग पाच वर्षांपूर्वीच्या फोटोतही तसाच असेल, तर पुढची निम्मी तपासणी करावी लागत नाही.